मौनाची मुदत

प्रस्तावना

जिनिव्हाच्या मसुद्यांची एक रीत आहे. ज्या शब्दांवर देशांचं एकमत झालेलं नाही, ते शब्द चौकोनी कंसात ठेवायचे. कंस राहिला म्हणजे भांडण राहिलं. या गोष्टीतही तीच रीत पाळली आहे. उदाहरणार्थ:

गुरुवारी सकाळी पावणेदहाला डॉ. शैलजा होगाडे सभागृहाबाहेरच्या बाकावर बसली होती आणि ती [शांत होती] [शांत नव्हती] [शांत दिसेल अशा बेताने कॉफी पीत होती].

तिच्या मांडीवर अडीचशे पानांचा करार होता. साथीच्या रोगांची औषधं कुणी बनवायची, कुणाला कधी द्यायची, यावरचा. अकरा वर्षं, एकशे ऐंशी देश आणि मोजता येणार नाहीत इतके कंस. आज त्यात एकही कंस उरला नव्हता. काल अध्यक्षांनी अखेरचा मसुदा सगळ्या शिष्टमंडळांना पाठवला आणि खाली एक ओळ जोडली: मौनाची मुदत, उद्या दुपारी बारा.

ही मुत्सद्द्यांची जुनी युक्ती. मतदान घ्यायचं नाही, हात वर करायला लावायचे नाहीत. मसुदा पाठवायचा आणि थांबायचं. ठरलेल्या वेळेपर्यंत कुणीच हरकत घेतली नाही, तर सगळे राजी आहेत असं धरायचं. एका देशाने जरी एका ओळीत कळवलं की आम्ही मौन मोडतो, तर मसुदा पुन्हा उघडतो. पण तसं कुणी करत नाही. पहिलं कोण बोलणार? मोठमोठ्या गोष्टी अशा न बोलता होऊन जातात. [आणि कुणाचंही नाव लागत नाही.]

शैलजा भारतीय शिष्टमंडळाची तांत्रिक सल्लागार होती. जंतूंचा अभ्यास हा तिचा धंदा आणि इचलकरंजी हे तिचं गाव. अडीचशे पानांतल्या दोनच वाक्यांवर तिची नजर सकाळपासून अडकली होती.

कलम १ : व्याख्या

"टायफॉइड-नऊ" म्हणजे विषमज्वराचा असा जंतू, ज्याच्यावर नऊच्या नऊ प्रतिजैविकं चालेनाशी झाली. डॉक्टरांनी दहावं शोधलं नाही. शोधायला पंधरा वर्षं लागतात, जंतूला हरवायला दोन पुरतात.

"भक्षक" म्हणजे जंतूंना खाणारा विषाणू. माणसाला तो काही करत नाही. आपल्या ठरलेल्या जंतूच्या अंगावर उतरतो, दार सापडलं की आपला जनुकीय धागा आत सोडतो आणि तासाभरात त्या जंतूला फोडून शंभर नवे भक्षक बाहेर पडतात. जिथे जंतू फार, तिथे त्याचा भक्षकही फार. म्हणून गावातला सगळ्यात घाण ओढाच त्या गावच्या तापाचं औषध बाळगून असतो. अडचण एकच. जंतू तीन-चार आठवड्यांत आपलं दार बदलतो आणि जुना भक्षक बाहेरच राहतो. पण त्याच ओढ्यात भक्षकही बदलत असतो. तेव्हा दर महिन्याला ओढ्यात बादली सोडायची आणि नवा शोधायचा.

"माग" म्हणजे भक्षक बनवणारं यंत्र. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. धाग्याची नक्षी संगणकातून दिली की ते चार प्रकारचे रेणू एकामागे एक ओवून तसाच धागा तयार करतं. यंत्रमागांच्या गावात असं यंत्र आल्यावर लोक त्याला दुसरं काय म्हणणार? एका दिवसात हजार माणसांचं औषध. मात्र त्याला कुलूप आहे. नक्षी जागतिक कोठारात नोंदलेली असेल, तर कोठाराच्या समितीकडून चावी, म्हणजे आकड्यांची एक ओळ, आल्याशिवाय माग हलत नाही. आणि नवी नक्षी सापडल्यापासून चोवीस तासांत ती कोठारात नोंदवणं जुन्या नियमांनी आजही सगळ्या देशांना बंधनकारक आहे.

"बारा-तीन" म्हणजे कलम बारा, परिच्छेद तीन:

ज्या ठिकाणाहून नमुना आला, त्या ठिकाणास साथीच्या काळात शक्य तितक्या लवकर चावी देण्याचा प्रयत्न करण्यात येईल. नोंदणीकृत भक्षकाची अन्य कोणत्याही मार्गाने निर्मिती करता येणार नाही.

पहिल्या वाक्यात "शक्य तितक्या" आहे, "प्रयत्न" आहे. दुसऱ्यात पळवाटच नाही.

कलम २ : तांत्रिक साहाय्य

दहाला नाजनीन बागवानचा फोन आला. इचलकरंजीत दीड वाजला होता. नाजनीन महापालिकेच्या प्रयोगशाळेची प्रमुख, शैलजाच्या हाताखाली शिकलेली, आता शैलजाला शिकवणारी.

"मॅडम, जेवलासा?"

"इथे दहा वाजलेत गं. तू बोल."

"तीनशे चाळीस पेशंट झालेत. सकाळच्यानं आठ नवीन. जुना भक्षक काय कामाचा न्हाई आता, नुसतं पाणी पाजल्यागत."

"आणि माग?"

"बसलाय की नवरदेवासारखा. पडद्यावर तेच. अर्ज विचाराधीन. पाच दिवस झाले विचार करायलेत. एवढा विचार माझ्या लग्नात कुणी केला न्हाई."

नवा भक्षक तिने शनिवारी शोधला होता. नाव ठेवलं ओढा-सतरा. रविवारी नियमाप्रमाणे नक्षी कोठारात पाठवली आणि चावीसाठी अर्ज केला. सोमवारपर्यंत वाट पाहिली आणि मग कुणाला न विचारता हाताने सुरुवात केली. पद्धत शंभर वर्षांपूर्वीची. ओढ्याचं पाणी गाळायचं, बशीत जंतूंचा थर वाढवायचा, त्यावर थेंब सोडायचा. जिथे थर विरून भोक पडतं तिथे भक्षक जेवलेला असतो. तेवढंच उचलायचं, बाटलीत वाढवायचं, पुन्हा गाळायचं, पुन्हा, पुन्हा. मागाला एक दिवस लागतो. नाजनीनच्या सहा बायकांना चार लागले होते.

"पाच वाजता साठ माणसांचं तयार होतंय," नाजनीन म्हणाली. "मग दर दोन दिवसांनी साठ."

शैलजाने करार उलटा ठेवला. "नाजनीन, इथे बारा वाजले की हा करार मंजूर. मंजूर झाला की लगेच लागू. तुझ्याकडे तेव्हा साडेतीन वाजलेले असतील."

"मग?"

"हाताने बनवणं बंद. गुन्हा होईल."



"म्हंजे साडेतीनला औषध आन् तीन एकतीसला गुन्हा?"

"हो."

"कुणी लिवलंय हे? त्याला ताप आलाय का कधी?"

कलम ३ : [लाभांचे न्याय्य वाटप]

आता जे राजदूत रणदिवेंनी काल जेवताना सांगितलं होतं, ते शैलजाने नाजनीनला सांगितलं. समितीतल्या एका मोठ्या देशाने शब्द दिला होता: भारताने मौन पाळावं, आणि इचलकरंजीची चावी आज एक वाजता मिळेल. उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्या तीनशे चाळीस जणांना औषध.

"सगळ्यांना?" नाजनीनचा आवाज बदलला. "मॅडम, मग गप बसा की! माझ्या बाटल्या देते ओतून."

मागून कुणीतरी खोकलं. "कोण शैलाताई हाय का? दे हिकडं."

नाजनीन वॉर्डातून, फोन स्पीकरवर ठेवून बोलत होती. मारुती लोखंडे चार दिवस तिथे खाटेवर होता. चौदा वर्षं तो ओढ्यात बादली सोडत होता, आधी नुसतं पाणी तपासायला, गेलं दीड वर्ष भक्षकांसाठी. ओढा-एक ते ओढा-सतरा, सगळे भक्षक त्याच्या बादलीतून आले. सतरावा काढताना हातमोजा फाटला होता.

"मामा, कसं आहे?"

"ताप हाय. बाकी झ्याक. ऐकलं मी समदं. चावी देणार म्हनं?"

"हो. आज एक वाजता."

"लिहून दिलंय?"

शैलजाने उलटा ठेवलेला करार पुन्हा सुलटा केला.

"न्हाई, मी आपलं इचारतो. मला तोंडी कायम केलंय तीन आयुक्तांनी. येकानं तर पेढा बी चारला. आजून रोजंदारीवरच हाय." तो हसायला गेला आणि खोकत राहिला. "आन् पुढल्या म्हैन्यात? जंतू काय थांबतोय व्हय त्यो? अठरावा यील. तवा कुनाचे पाय धरनार तुमी?"

"मामा, औषध वेळेत मिळालं नाही तर तुम्हाला..."

"ते मला म्हाईत हाय. तुमी त्यास्नी लिहून मागा. देत्याल तर गप बसा. न्हाई दिलं, तर आपलं हातचं कशाला सोडायचं?"

कलम ४ : सद्भावनेने केलेल्या वाटाघाटी

विश्वास रणदिवे मूळचे नाशिकचे. बावीस वर्षं मुत्सद्देगिरीत काढलेला माणूस. त्यांना कुणी वाईट म्हणत नसे आणि ते वाईट नव्हतेच. अकराला ते कॉफीच्या यंत्रापाशी सापडले.

"होगाडेबाई! आज तरी हसा. साठ मिनिटं राहिली."

"सर, त्या चावीचं. ते लिहून मिळेल का?"

"कुणाकडून?"

"ज्यांनी शब्द दिला त्यांच्याकडून. एक ओळ पुरे."

रणदिवेंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, अशा गोष्टी लिहून देत नसतात. लिहून दिली की ती सवलत राहत नाही. पायंडा होतो."

"मला पायंडाच हवाय."

"मलाही हवा होता. अकरा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. आता ती कॉलेजात जाते. या दोन वाक्यांविरुद्ध मी स्वतः तीन वर्षं भांडलो. हरलो. पण उरलेल्या दोनशे एकोणपन्नास पानांत काय आहे ते विसरू नका. आजपासून चाळीस गरीब देशांना तपासणीचे संच फुकट मिळणार आहेत. मौन मोडलं तर तेही अडकतात. तुम्ही तुमच्या ओढ्याचा विचार करता. मला सगळ्या नद्यांचा करावा लागतो."

[त्यांचं म्हणणं बरोबर होतं.] [त्यांचं म्हणणं चूक होतं.] शैलजाला यातला कुठलाच कंस काढता आला नाही.

"सर, आणि पुढच्या महिन्यात चावी लागली तर?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा बोलू त्यांच्याशी."

"आणि त्यांना तेव्हा आपल्याकडून काय हवं असेल?"

रणदिवेंनी कॉफीचा कप टोपलीत टाकला. "काहीतरी असेलच," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थकलेला वाटला. "बारानंतर भेटू. छान जेवायला जाऊ सगळे."

कलम ५

वगळले.

[या कलमात शैलजा होगाडे पंधरा मिनिटं स्वच्छतागृहात उभी राहून एकाच आकड्याशी झगडत होती. उद्या तीनशे चाळीस, की आज साठ. मधले दोनशे ऐंशी. त्यांची नावं तिला माहीत नव्हती, पण त्यांच्या गल्ल्या माहीत होत्या. शब्द खरा ठरला तर त्यांना उद्या औषध मिळणार होतं, आणि त्यानंतर दर महिन्याला त्यांचा जीव कुणाच्या तरी मर्जीवर राहणार होता. ती चूक करत असेल तर ती चूक तिचीच, तिला दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकलता येणार नव्हती. हे कलम तिने नंतर कुणालाही सांगितलं नाही.]

कलम ६ : संपर्क अधिकारी

मौन कुणीही मोडू शकत नाही. प्रत्येक देशाने एक संपर्क अधिकारी नेमलेला असतो, आणि त्याच्या नोंदवलेल्या पत्त्यावरून आलेली ओळ हीच त्या देशाची ओळ धरतात.

चार वर्षांपूर्वी दिल्लीत हा तक्ता भरायचा होता तेव्हा जिनिव्हातलं प्रथम सचिवाचं पद रिकामं होतं. रकाना मोकळा ठेवला तर तक्ता परत येतो. म्हणून कुण्या अवर सचिवाने शिष्टमंडळाच्या यादीतलं एक नाव उचलून लिहिलं आणि पुढे टाकलं: तात्पुरते. नाव होतं डॉ. श्रीमती एस. होगाडे. नंतर पद भरलं गेलं, तो सचिव बदलून गेला, त्याच्यानंतरचाही गेला. रकान्यात तेच नाव राहिलं. चार वर्षं सगळी कागदपत्रं शैलजाकडे येत आणि ती सकाळी सकाळी ती रणदिवेंना पुढे धाडी. हे टपालाचं काम आहे, असंच दोघंही समजत होते.

अकरा एक्केचाळीसला तिने लिहिलं: भारत कलम १२, परिच्छेद ३ वरील मौन मोडत आहे.

पाठवलं. मग दुसरं पत्र रणदिवेंना, तेही एका ओळीचं. राजीनाम्याचं.

मग ती पुन्हा बाकावर येऊन बसली. तीनच मिनिटांनी व्हरांड्यातले सगळे फोन एकदम थरथरले. शेजारच्या बाकावर मलावीच्या श्रीमती फिरी बसल्या होत्या. जाड चष्मा, पायाशी विणकामाची पिशवी, दहा वर्षं याच वाटाघाटीत. त्यांनी फोन नाकाजवळ धरला, पुन्हा वाचला आणि मान वर केली.

"भारत?" त्या म्हणाल्या. "कुणाला इतकी अक्कल आली?"

"मला," शैलजा म्हणाली.

श्रीमती फिरींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू तर जंतूंची बाई ना?" मग त्या पिशवी उचलून घाईघाईने आत गेल्या.

कलम ७ : वादांचे निराकरण

रणदिवे अकरा बावन्नला आले. पळत आले होते, पण शेवटची दहा पावलं चालत आले.

"हे तुम्ही पाठवलंत?"

"हो."

"मागे घ्या. आत्ता."

"नाही सर."

"तुम्हाला हा अधिकार नाही!"

"मलाही तसंच वाटत होतं. तक्ता बघा."

त्यांनी तक्ता पाहिलेला असावा, कारण त्यांनी लगेच विषय बदलला. "तुमचा राजीनामा मिळाला. नुसत्या राजीनाम्यावर हे भागणार नाही, कळतंय? चौकशी होईल. आणि ती एक वाजताची चावी, ती गेली. तीनशे चाळीस माणसं, बाई!"

"माहीत आहे," शैलजा म्हणाली. हे दोन शब्द उच्चारायला तिला फार वेळ लागला.

"मी आत जाऊन हरकत मागे घेणार आहे."

"घ्या ना. पण आता मौन नाही, सर. माईक सुरू करावा लागेल. म्हणावं लागेल की भारताला आपल्या गावासाठी चावी ठरलेल्या मुदतीत नको, जमेल तेव्हा चालेल. आणि आमच्या बायका हाताने औषध बनवतात ते बंद करा. इतिवृत्तात येईल. तुमच्या नावासकट."

रणदिवेंनी हात पुढे केला. शैलजाने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते आत गेले. दारावरच्या शिपायाने तिच्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

बाहेरच्या पडद्यावर सभागृह दिसत होतं. या सभागृहात बोलायचं असेल तर देशाच्या नावाची आडवी पाटी उभी करून ठेवायची असते. अध्यक्ष म्हणाले, "भारत आपली हरकत कायम ठेवतो का?" रणदिवेंच्या माईकचा लाल दिवा लागला. ते पुढे झुकले. थांबले. शैलजा त्यांना चार वर्षं ओळखत होती, पण त्यांना असं शब्द शोधताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"भारत," ते म्हणाले, "विचारविनिमयासाठी थोडा वेळ मागतो."

तेवढ्यात मलावीची पाटी उभी राहिली. "मलावी या हरकतीत सामील आहे," श्रीमती फिरी म्हणाल्या आणि खाली बसल्या. मग पेरूची पाटी. मग बांगलादेश, मादागास्कर, बोलिव्हिया. दोन मिनिटांत एकोणीस पाट्या. आपापल्या ओढ्यांची आठवण एवढ्या देशांना होती आणि प्रत्येक जण पहिला कुणीतरी दुसरा असावा म्हणून थांबला होता. आता भारताने माघार घेतली तरी या एकोणीस जणांची माघार होणार नव्हती.

मौन मोडलं होतं. करार लागू झाला नव्हता. इचलकरंजीत साडेतीन वाजून गेले आणि नाजनीनच्या बाटल्या औषधच राहिल्या.

कलम ८ : [ ]

पावणेदोनला नाजनीनचा संदेश आला. पहिली पेटी वॉर्डात गेली. साठ जणांची यादी डॉक्टरांनी तापावरून केली. मामा यादीत आहेत. त्यांच्या शेजारच्या खाटेवरची गीता साळुंखे नाही. पडद्यावर आता लिहिलंय, अर्ज स्थगित. आणखी बारा बायका आल्यात, यंत्रमागांवरची पाळी सोडून. बशा कमी पडतायत, स्टीलची झाकणं उकळून घेतली. परवा साठ नाही, एकशे वीस करू.

शैलजाने गीता साळुंखे हे नाव दोनदा वाचलं.

"तू अजून इथेच?" समोर श्रीमती फिरी उभ्या होत्या. त्यांच्या हातात ओळखपत्र होतं, दोरीसकट. "सल्लागार म्हणून कुणाला आणावं यावर बंधन नाही. आमची खुर्ची दोन वर्षं रिकामी आहे. पगार मिळणार नाही. दुपारचं जेवणही बहुतेक नाही."

ओळखपत्रावर घाईने लिहिलेलं होतं: होगाडे, मलावी.

शिपायाने ते पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा ते पाहिलं आणि दार उघडलं.

मलावीची रांग शेवटून तिसरी. तिथून अध्यक्ष नखाएवढे दिसत होते. शैलजाने श्रीमती फिरींच्या वहीत लिहिलं: पहिल्या वाक्यात "शक्य तितक्या लवकर चावी देण्याचा प्रयत्न करण्यात येईल" याऐवजी "चोवीस तासांत चावी दिली जाईल". दुसरं वाक्य काढून टाकावं.

"एवढंच?" श्रीमती फिरी म्हणाल्या.

"एवढंच."

त्यांनी पाटी उभी केली आणि चष्मा सावरत मजकूर सावकाश, अक्षर न अक्षर वाचला. सभागृहात कागद सरकल्याचे आवाज आले. अध्यक्षांनी दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. मग ते म्हणाले, ज्या देशांना ही दुरुस्ती मान्य नसेल त्यांनी आत्ता, इथे, बोलून सांगावं.

पहिल्या रांगेतल्या मोठ्या देशाचे प्रतिनिधी एकमेकांच्या कानाला लागले. त्यांच्या माईकचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. कुणी बोललं नाही. मग मधल्या रांगेत एक पाटी हळूच उभी राहिली. ती भारताची होती. रणदिवे ती दोन बोटांनी धरून बसले होते, जणू सोडली तर पडेल.

"हा काय बोलणार आता?" श्रीमती फिरींनी कुजबुजत विचारलं. "आपल्या बाजूने की विरोधात?"

"मला माहीत नाही," शैलजा म्हणाली. तिने वहीचं पुढचं पान उलटलं आणि पेनचं टोपण काढलं. "पण बोलू दे. आपण लिहून घेऊ."